मंगळाच्या गालावरचा तीळ

व्हिक्टोरिया हे एका खड्ड्याचं नाव आहे. पुण्यात राहून वर खड्ड्याचं कौतुक सांगतेय म्हटल्यावर तुम्ही पान उलटाल, म्हणून आधीच सांगते, हा खड्डा मंगळावर आहे. साधारण पाऊण किलोमीटर रुंद, सत्तर मीटर खोल. कडा फ्रॉकच्या झालरीसारखी कातरलेली आणि तळाशी वाळूच्या लाटांची अशी काही नक्षी, की कुणीतरी निवांत बसून क्रोशाने विणली असावी. २००६ ते २००८ अशी दोन वर्षं मी या खड्ड्याच्या प्रेमात होते. एकटी नाही हं. आमचा कंपूच होता.

तो जमाना आठवा. ऑर्कुटवर स्क्रॅप टाकायचे दिवस. घरातला मॉनिटर टीव्हीएवढा जाड आणि हिंजवडीला जाणारी कंपनीची सुमो रस्त्यात सहा जणांना उचलत दीड तास घेणार. मी टेक सपोर्टला होते. संध्याकाळी साडेसहाला लॉगिन, पहाटे साडेतीनला लॉगआऊट. अमेरिकेतल्या कुणाचा तरी प्रिंटर चालू करून देण्यात माझी अख्खी रात्र जायची. सगळं जग झोपलेलं असताना जागं राहणाऱ्या माणसाला सोबत लागते. कुणाला ती सिगरेटची मिळते, कुणाला चॅटची. मला मंगळाची मिळाली.

त्याचं असं झालं, की नासाचा ऑपॉर्च्युनिटी नावाचा रोव्हर जानेवारी २००४मध्ये मंगळावर उतरला. सहा चाकांची, गोल्फ कार्टएवढी गाडी. तिचं ठरलेलं काम होतं मंगळावरच्या नव्वद दिवसांचं. पण गाडी चालतच राहिली. आधी ईगल नावाच्या बावीस मीटरच्या खळग्यात (उतरलीच मुळी त्यात), मग एन्ड्युरन्स नावाच्या मोठ्या विवरात, आणि तिथून निघून तब्बल एकवीस महिने वाळू तुडवत २००६च्या सप्टेंबरअखेरीस व्हिक्टोरियाच्या काठावर. मध्ये एकदा वाळूत पाच आठवडे रुतून बसली होती, ते वेगळंच. आमच्या ऑफिसात कुणीतरी याचं पीपीटी केलं होतं, ‘नव्वद दिवसांची गॅरंटी, तरी परफॉर्म करतोय, आणि आपण?’ असं. मला त्या स्लाइडचा भयंकर राग आला होता. अहो, ती गाडी टार्गेट पूर्ण करायला गेली नव्हती, बघायला गेली होती.

आणि जे बघायची, ते आम्हालाही दाखवायची. ही त्या मोहिमेची सगळ्यात भारी गोष्ट. मंगळावरून आलेले फोटो कच्चेच, जसेच्या तसे, इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले जायचे. शास्त्रज्ञांनी आधी बघायचे, पेपर लिहायचे, मग उरलंसुरलं जनतेला, असला प्रकार नाही. वारजे नाक्यावर राहणाऱ्या मुलीला आणि पासाडेनातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या शास्त्रज्ञाला जवळजवळ एकाच वेळी तोच दगड दिसायचा. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा असतो. त्यामुळे तिथली सकाळ आपल्या घड्याळात रोज तेवढी पुढे सरकते. उतरल्यानंतरचे पहिले काही महिने तिथली माणसं मंगळाच्या घड्याळानेच ऑफिसला जात होती, हे वाचल्यावर मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली होती. इतका अवघड रोस्टर आमच्या एचआरलाही कधी जमला नसता.

आमच्या कंपूत डोंबिवलीचा एक बँकेतला कॅशियर होता, नाशिकची एक होऊ घातलेली डेन्टिस्ट होती, सोलापूरहून न्यू जर्सीला गेलेला एक प्रोग्रॅमर होता आणि स्कॉटलंडमधले एक निवृत्त पोस्टमन होते, ज्यांना आम्ही कधी पाहिलं नाही पण ‘आजोबा’ म्हणायचो. उद्योग एकच. नवे फोटो उतरवून घ्यायचे, रंगवायचे, एकाला एक जोडायचे आणि मेलने एकमेकांना पाठवायचे. मग ‘वा!’, ‘काय कडा आहे!’, ‘डावीकडचा तो टोपीसारखा दगड पाहिलास का?’ असल्या मेलांचा पाऊस. ज्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही, अशा गोष्टीचं इतकं मनापासून कौतुक मी त्याआधी कुठे केलं नव्हतं.

‘रंगवायचे’ म्हटलं, ते जरा सांगायला हवं. रोव्हरच्या मानेवर दोन कॅमेरे होते, माणसाच्या डोळ्यांसारखे शेजारीशेजारी. दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट. आणि एक मेगापिक्सेलचे. हो, एकच. आमच्या टीम लीडच्या नव्याकोऱ्या मोबाइललाही तेव्हा दोन होते. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे आठ फिल्टरचं एक चाक होतं. एकाच जागेचा फोटो एकदा या फिल्टरमधून, एकदा त्या फिल्टरमधून असा काढायचा, आणि ते काळेपांढरे फोटो लाल, हिरवा, निळा म्हणून एकावर एक ठेवायचे, की रंगीत मंगळ तयार. शिवाय कॅमेऱ्याला एका वेळी दिसणारा तुकडा अगदी लहान. सगळा खड्डा बघायचा तर डझनावारी तुकडे जोडावे लागत. म्हणजे तुमच्या वॉलपेपरवरचा जो सुंदर मंगळ होता, तो कुणीतरी बसून, डोळे फोडून, हाताने केलेला असायचा.

आता बाबांबद्दल.

बाबांचा साताऱ्यात फोटो स्टुडिओ होता. एकतीस वर्षं. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट, आणि गेलेल्या माणसांचे हार घालायचे फोटो. २००५च्या दिवाळीनंतर त्यांनी शटर ओढलं ते कायमचं. डिजिटल आलं होतं. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, “किती मेगापिक्सेलचा आहे?” आणि बाबा काही बोलायच्या आत पुढच्या दुकानात जायचं. आई-बाबा माझ्याकडे वारज्याला वन बीएचकेत राहायला आले. एन्लार्जर भंगारात गेला, कॅमेरा माळ्यावर. बाबा दिवसभर गॅलरीत बसायचे. कॉम्प्युटरकडे तर बघायचेही नाहीत. ज्याने दुकान बसवलं, त्याच्याशी कशाला बोलायचं, असं काहीतरी असावं. आमच्यात तेव्हा संवाद म्हणजे ‘जेवलीस?’ आणि ‘हो’.

२००६च्या नोव्हेंबरातली गोष्ट असेल. मी पहाटे चारला घरी आले. बाबा जागेच. त्यांनी चहा टाकला आणि मी कॉम्प्युटर लावला, कारण आमच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाऊनलोड फुकट होतं. डोंबिवलीकरांनी केप व्हर्डे नावाच्या सुळक्यावरून दिसणारा व्हिक्टोरिया जोडून पाठवला होता. (मॅगेलनच्या ताफ्यातलं पृथ्वीला फेरी मारून परत आलेलं एकमेव जहाज व्हिक्टोरिया, म्हणून खड्ड्याचं ते नाव. आणि त्या सफरीतल्या ठिकाणांची नावं काठावरच्या सुळक्यांना आणि खाड्यांना.) मी कौतुकाने बघत बसले होते. मागून बाबा म्हणाले, “हे दोन फोटो एका वेळचे नाहीत.”

मी वळून पाहिलं. चहाचा कप हातात धरून ते स्क्रीनपाशी वाकले होते. त्यांनी बोट ठेवलं. “या दगडाची सावली अशी पडलीये. हा त्याच्या शेजारचा, याची जरा वेगळी. यांनी मध्ये तास-दोन तास घालवलेत. किंवा दुसऱ्या दिवशी काढलाय.”

दुसऱ्या दिवशी नाही. त्या पॅनोरमाचे तुकडे १६ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर असे तीन आठवडे जमवलेले होते. तेव्हा मंगळ सूर्याच्या पलीकडे गेला होता, पृथ्वीशी धड बोलणंही होत नव्हतं, आणि रोव्हर एका जागी उभा राहून एकेक तुकडा टिपत होता. मी हे सांगितल्यावर बाबांनी मान डोलावली. शाळेचा मोठा ग्रुप असला की तेही दोन निगेटिव्ह जोडायचे. ढग आला की बोंब. डावीकडचा पाचवी-अ उन्हात आणि उजवीकडचा पाचवी-ब सावलीत.

मग मी फिल्टरचं सांगितलं. काळ्यापांढऱ्यावर रंग चढवतात म्हटल्यावर ते खुर्ची ओढून बसलेच. तरुणपणी त्यांनी तेच केलं होतं. काडीला कापूस गुंडाळून, फोटोकलर लावून, नवरीच्या शालूला हिरवा आणि ओठांना हलका गुलाबी. “पण यांना खरा रंग कळतो कसा?” त्यांनी विचारलं. मी रोव्हरच्या पाठीवरचं छोटं सूर्यघड्याळ दाखवलं. मध्ये करड्या छटांची वर्तुळं, चार कोपऱ्यांत चार रंग. पृथ्वीवर त्यांचे रंग मोजून पाठवलेले. रोव्हर अधूनमधून त्याचा फोटो काढतो आणि त्यावरून बाकीचे रंग ताडून बघता येतात. बाबा एकदम हसले. “ग्रे कार्ड! तिथेसुद्धा ग्रे कार्डच नेलंय की!” आणि एक मेगापिक्सेलचं कळलं तेव्हा तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एक वर्षाने कुणीतरी त्यांची बाजू घेतली होती.

त्या पहाटेनंतर चहा दोन कप आणि खुर्च्या दोन, हे ठरूनच गेलं.

कंपूत भांडणंही व्हायची, आणि ती खड्ड्याइतकीच खोल असायची. एकदा न्यू जर्सीकरने व्हिक्टोरियाचा फारच देखणा फोटो पाठवला. वर गुळगुळीत पिवळसर आकाश, कडेला किंचित गुलाबी. गंमत अशी, की रोव्हरने त्या फोटोत आकाश जवळजवळ घेतलंच नव्हतं. वरच्या तुकड्यांची पट्टी खालीवर, दातेरी. आकाश यानेच भरलेलं. डेन्टिस्टबाई भडकल्या. हे मंगळ नाही, कॅलेंडर आहे, असं त्यांनी लिहिलं. न्यू जर्सीकर म्हणाला, तुम्ही जो फिल्टर लाल म्हणून वापरता तो खरं तर डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमधला आहे, मग तुमचा मंगळ कुठे खरा? मुद्दा बरोबर होता. आजोबांनी स्कॉटलंडहून शांततेचं आवाहन केलं. उपयोग शून्य.

मी बाबांना विचारलं. त्यांनी बराच वेळ फोटो पाहिला. म्हणाले, “आकाश तर आम्हीही घालायचो. गेलेल्या माणसाचा एखादाच फोटो असायचा, तोही ग्रुपमधला, मागे गोठा नाहीतर दोरीवरचे कपडे. ते काढायचं, मागे छान आकाश द्यायचं. लोकांना बरं वाटायचं. पण गालावरचा तीळ पुसायचा नाही. एकदा एका मुलाने मला सांगितलं, आईचा तो तीळ काढा, चांगलं दिसेल. मी नाही म्हटलं. उद्या नातवंडं बघतील, त्यांना ओळख कशी पटणार? आकाश कुणाचंही चालतं. तीळ तिचाच.”

मी हे जसंच्या तसं मेलमध्ये लिहिलं. आजोबांसाठी इंग्रजीतही, जमेल तसं. त्या दिवसापासून आमच्यात ‘तिळाचा नियम’ लागू झाला. आकाश भरायचं असेल तर भरा, खाली तसं लिहा. रंग थोडे इकडेतिकडे चालतील. पण दगड हलवायचा नाही, भेग बुजवायची नाही, जोड लपवायला वाळूचा एक तुकडा उचलून दुसरीकडे चिकटवायचा नाही. आजही कुणी फोटोवर जास्त हात मारला, की ‘तीळ गेला’ एवढाच मेल येतो.

पुढचं वर्ष व्हिक्टोरियाच्या काठाकाठाने गेलं. बाबांना केप सेंट व्हिन्सेंटपेक्षा केप व्हर्डे आवडायचा. सहाएक मीटरचा तो कडा, त्यात तिरपे-आडवे थर. वाऱ्याने कधीकाळी आणून टाकलेल्या वाळूचे, दगड झालेले. बाबांना तो थर बघून वेरूळ आठवायचं, आईला बाकरवडी. जून २००७मध्ये जाहीर झालं की रोव्हर आता खड्ड्यात उतरणार, आणि कदाचित परत वर येता येणार नाही हे धरून चालायचं. आमच्याकडे दोन तट पडले. मी म्हणायचे, काठावरून छान दिसतंय की! बाबा म्हणायचे, क्लोजअप नको का?

आणि तेवढ्यात धूळ उठली. मंगळावरचं ते वादळ म्हणजे घर उडवणारा वारा नव्हे. सूर्य झाकला जातो, एवढंच. पण ही गाडी सूर्यावरच जगणारी. रोज सुमारे सातशे वॉट-तास वीज मिळायची, ती १८ जुलैला १२८वर आली. म्हणजे शंभर वॉटचा दिवा सव्वा तास. दिवसभराच्या संसाराला एवढीच. फोटो थांबले. बाबा रोज पहाटे विचारायचे, “आज किती?” आई म्हणायची, कुणाचा ताप विचारताय का? त्या महिन्यात माझ्या प्रोजेक्टवरची चाळीस माणसं कमी झाली होती आणि माझं नाव यादीत आहे की नाही याची मी वाट बघत होते. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांनी एका पहाटे चहा देता देता एवढंच म्हटलं, “स्टुडिओ बंद झाला तेव्हा मला वाटलं होतं, आता उजाडणारच नाही.” आणि मग मॉनिटरकडे वळून, “आज किती?” माझं नाव यादीत नव्हतं. पण त्यांना कळलं कसं, हे मी अजून विचारलेलं नाही.

सप्टेंबरात गाडी डक बे नावाच्या उतारावरून आधी जरा पाय बुडवून परत आली आणि दोन दिवसांनी खरोखर आत उतरली. जवळजवळ वर्षभर आत होती. बाबांना हवा तो क्लोजअप मिळाला. ऑगस्ट २००८च्या शेवटी ती आपल्याच चाकांच्या खुणांवरून वर चढून बाहेर आली, तेव्हा पेढे वाटायचे फक्त बाकी राहिले होते. वाटले असते, पण शेजाऱ्यांना कारण काय सांगणार?

एक गोष्ट मात्र या फोटोंत कायम छळायची. माप कळत नाही. झाड नाही, माणूस नाही, विजेचा खांब नाही. समोरचा दगड सुपारीएवढा की खोलीएवढा, काही सांगता येत नाही. गाडीच्या चाकांची खूण दिसली तर तेवढाच आधार. म्हणून डोंबिवलीकरांनी टूम काढली, लोणारला जाऊ. कल्पना वाटते तितकी येडी नाही. लोणारचं विवर उल्केच्या आघाताने, तेही बेसॉल्टमध्ये झालेलं. असं पृथ्वीवर फार क्वचित सापडतं. मंगळाच्या जमिनीतही बेसॉल्ट भरपूर, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारी मंडळी लोणारचाही अभ्यास करतात. मंगळाच्या उत्तर भागातल्या एका विवराला चक्क लोणारचं नाव आहे. (व्हिक्टोरियाचे कडे बेसॉल्टचे नाहीत, वाळूच्या खडकाचे, हे डेन्टिस्टबाईंनी गाडीत तीनदा सांगितलं.)

बाबांनी माळ्यावरून कॅमेरा काढला. दोन भिंगांचा, बारा फोटोंचा रोल लागणारा जुना याशिका. पहाटे आम्ही काठावर उभे होतो. खाली हिरवट पाणी, कडेने बाभळी, झाडीत बुडालेली देवळं. रुंदी सुमारे एक पूर्णांक आठ किलोमीटर. म्हणजे व्हिक्टोरियाच्या दुपटीहून जास्त. खाली पाण्याच्या कडेने एक बाई शेळ्या घेऊन चालली होती, आणि ती एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती. कॅशियरसाहेब पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे तो खड्डा... एवढा?” दोन वर्षं ज्याचे पिक्सेल मोजले, तो त्या बाईमुळे आम्हाला पहिल्यांदा कळला.

बाबांनी बारा फोटो काढले. ट्रायपॉड प्रत्येक वेळी थोडा फिरवायचा, ढग सरेपर्यंत थांबायचं. घाई करणाऱ्याला त्यांनी हात करून गप्प केलं. पुण्यात प्रिंट काढून कात्रीने कापून त्यांनी तो पॅनोरमा जोडला आणि मी तो स्कॅन करून सगळ्यांना पाठवला. आजोबांचं उत्तर आलं, हा कोणत्या रोव्हरचा? ते प्रिंट आजही आमच्या हॉलमध्ये आहे. जोड कुठे आहेत, ते मला माहीत असूनही सापडत नाहीत.

ऑपॉर्च्युनिटी पुढे बावीस किलोमीटरच्या एन्डेव्हरला गेली, २०१५मध्ये मॅरेथॉनचं अंतर पार केलं, आणि जून २०१८च्या धुळीत गप्प झाली. १० जूनला शेवटचं बोलणं, १३ फेब्रुवारी २०१९ला मोहीम संपल्याचं जाहीर. एकूण ४५.१६ किलोमीटर. शेवटच्या फोटोत धुळीने काळवंडलेलं आकाश आहे, त्यात पांढरे ठिपके, आणि खालचा भाग आलाच नाही, मध्येच तुटला. बाबांनी तो पाहिला आणि चष्मा काढून पुसला. म्हणाले, “रोल संपला.”

आता मी दिवसपाळीत आहे, टीम माझ्याच हाताखाली आहे, कंपू व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. आजोबा नाहीत. पर्सिव्हिअरन्सचे फोटो फोनवर येतात, आणि ते रंगीतच येतात, आधीच्या क्युरिऑसिटीसारखे. कॅमेराच तसा. बाबांना हे मी सांगितलं, तेव्हा ते थोडे हिरमुसले. “म्हणजे इथलाही स्टुडिओ बसला म्हणायचा.” पण ऑपॉर्च्युनिटीचे दोन लाख सतरा हजारांहून जास्त फोटो अजून सगळ्यांना खुले आहेत. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मोठ्या स्क्रीनला नाक लावून, ते केप व्हर्डेवरचा तो पॅनोरमा पहिल्यापासून स्वतः जोडतायत. लेअरला ते बटर पेपर म्हणतात. गेले पंधरा दिवस एका दगडापाशी अडलेत, सावली जुळत नाहीये. मी म्हटलं, थोडी ब्रशने ओढा ना, कुणाला कळणार आहे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहा टाकायला उठले.